इंदूताईंच्या राऊटरमागची डिस्क

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या इंदूताईंच्या बैठकीत पाण्याच्या तांब्याशेजारी एक पुठ्ठा उभा असायचा. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात वायफायचा पासवर्ड लिहिलेला. पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं आणि मग तो पुठ्ठा पुढे सरकवायचा, ही त्यांची रीत. "आजकाल लोकांले गुळापेक्षा हेच लागते," असं म्हणायच्या.

इंदूताई चैत्रात गेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहायला बसले, तर इतक्या वर्षांच्या नोकरीतलं आणि नंतरच्या खटपटीतलं दुसरं काही आधी आठवेचना. तो पुठ्ठाच डोळ्यांपुढे येत राहिला. म्हणून तिथूनच सुरुवात करते. लिहायला वेळ लागतो आहे. संपादकांनी दोनदा आठवण केली, रागावले मात्र नाहीत.

मी तंत्रनिकेतनात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. शिकवणारी नव्हते, यंत्रं चालू ठेवणारी होते. निवृत्त झाल्यावर शंकर नगरच्या घरात नुसतं बसवेना, म्हणून ओळखीच्या मराठी घरांतले जुने कॉम्प्युटर चालते करून देऊ लागले. मुलं पुण्या-बंगळूरला निघून गेलेली आणि जाताना आपले जुने कॉम्प्युटर आईवडिलांसाठी ठेवून गेलेली, असं बहुतेक घरांत होतं. ती यंत्रं इतकी हळू चालायची की चालू करून वरणाला फोडणी द्यावी आणि मग येऊन पाहावं. त्यांवर मी लिनक्स घालायची. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक वेगळी व्यवस्था. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही हलकी चालते, आणि तिला सगळं स्पष्ट सांगावं लागतं. न सांगता ती काही गृहीत धरत नाही. हा तिचा गुण मला फार आवडायचा. माणसांत तो कमी सापडतो.

त्यातच मला एका कामाची गोडी लागली. घरात इंटरनेट आणणारा जो डबा असतो, तो राऊटर. काही राऊटरच्या पाठीमागे पेन ड्राइव्ह खोचायची असते तशी एक खाच असते. बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीही नसते. त्या खाचेत एक डिस्क लावली, की तीच डिस्क घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वायफायवरून मिळते. समाईक कपाटच म्हणा. मोठ्या कचेऱ्या यासाठी वेगळं यंत्र घेतात. आमच्या लोकांचं काम राऊटरवर भागायचं.

लिनक्सला मात्र हे कपाट आपोआप दिसत नाही. आधी आपल्या कॉम्प्युटरात एक रिकामा फोल्डर करायचा. ती खुंटी. मग सांगायचं, की अमुक पत्त्यावर राऊटर आहे, त्याच्या पाठीला तमुक नावाची डिस्क आहे, ती पिशवीसारखी आणून या खुंटीला अडकव. अडकवली की त्या फोल्डरात डिस्कवरचं सगळं दिसतं. राऊटर बंद असला तर पिशवी येत नाही, नुसती खुंटी दिसते, आणि माणूस घाबरून फोन करतो की सगळं गेलं.

अशा फोनांपैकी एक देवपुजारी काकांचा. काका सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या ना कुठल्या कार्यालयाला रोज एक तक्रारअर्ज लिहायचा, हा त्यांचा नेम. अर्ज सगळे राऊटरमागच्या डिस्कवर. खंडेनवमीला काकूंनी घरातली हत्यारं पूजेला मांडली. विळी, कात्री, काकांची जुनी मोजपट्टी, आणि त्यांच्याबरोबर ती डिस्कही. राऊटरमधून उपटून चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो. काका दुपारी गुपचूप कॉम्प्युटरला बसले आणि नळाच्या पाण्याबद्दल चार पानी अर्ज लिहून नेहमीच्या फोल्डरात ठेवला. दसऱ्याला डिस्क परत लावली, तर बाकीचे अर्ज जागेवर आणि हा एकटा नाहीसा.

मी गेले तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं यांले, आज हात नका लावू. ऐकते कोण? देवीनंच लपवला."

"देवी काय नगरपालिकेत नोकरीले आहे?" काका आतून म्हणाले.

झालं होतं इतकंच, की पिशवी खुंटीवर नसताना काकांनी अर्ज खुंटीलाच टांगला होता. मागून पिशवी आली आणि तो तिच्याखाली झाकला गेला. मी डिस्क सोडवली, मागचा अर्ज काढून दाखवला आणि डिस्क पुन्हा जोडली. काकूंच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. काकांनी मात्र त्याच क्षणी अर्जात आणखी एक परिच्छेद वाढवायला घेतला. चालू राऊटरमधून डिस्क उपटू नये हे मी दोघांना नीट समजावलं. पुढच्या वर्षी काकूंनी राऊटरसकट चौरंगावर ठेवली.

आता इंदूताई.

त्यांच्या सासरचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या वेळी इकडे आलेलं. स्वतः त्या अकोल्याकडून लग्न होऊन आल्या. घरातच वधूवर केंद्र चालवायच्या. फी घ्यायच्या नाहीत. लग्न जमलं तर एक किलो बुंदीचे लाडू आणायचे, हाच नियम. रायपूर, दुर्ग, भिलाई, पार गोंदियापर्यंतच्या मराठी घरांत त्यांनी जमवलेली जोडपी आहेत. त्यांची सून वैशाली बायोडाटे टाइप करायची आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर, आणि इंदूताई स्वतः बैठकीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो मीच लिनक्स घालून दिलेला. दोन यंत्रांत दोन प्रती झाल्या आणि एकाच मुलीची उंची बाहेर पाच-दोन आणि आत पाच-चार झाली. मुलाकडची मंडळी पाच-चार समजून आली.

"शैला, मले एकच कपाट करून दे," इंदूताई मला म्हणाल्या. "दोन ठिकाणी ठेवलं का माणूस खोटं बोलते."

प्रत्येक मुलामुलीच्या दोन फाइली असत. एक बायोडाटा, तो सगळ्यांना दाखवायचा. दुसरी टिपण. "आतल्या गोष्टी त्यात," असं त्यांनी मला सांगितलं होतं. कुणाचं आधी मोडलेलं, कुणाच्या घरी आजारपण, कुणाच्या वडिलांचा संताप. लोक त्यांच्यासमोर येऊन मन मोकळं करायचे आणि त्या ऐकून घ्यायच्या. लोक गेले की बैठकीतून दोन बोटांनी टाइप केल्याचा आवाज यायचा.

डिस्क जोडायला बसले तो दिवस मला लख्ख आठवतो. सगळं बरोबर लिहिलं, तर कॉम्प्युटर म्हणे, होस्ट इज डाऊन.

"काय म्हणते ते?" खांद्यामागून इंदूताई.

"पलीकडचं यंत्र बंद पडलंय म्हणते."

"काहून? दिवे तर लुकलुकून राहिले त्याचे."

खरंच लुकलुकत होते. पुष्कळ शोधल्यावर कारण सापडलं. फाइली देण्याघेण्यासाठी यंत्रांची आपसांत बोलायची एक पद्धत असते आणि तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या असतात. राऊटरला फक्त सगळ्यांत जुनी यायची. नव्या लिनक्सने ती सुरक्षित नाही म्हणून सोडून दिलेली. पण 'तुझं बोलणं मी ऐकून घेणार नाही' असं न सांगता ते सांगे, की समोरचा बंद पडला आहे. मी डिस्क जोडायच्या आज्ञेत जुन्या आवृत्तीचा आकडा घातला आणि ती अडचण सुटली.

मग दुसरी आली. नाव आणि पासवर्ड बरोबर देऊनही परवानगी नाकारली जात होती. दीड तास गेला. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, वैशाली दोनदा डोकावून गेली होती. शेवटी मी राऊटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'नाव-पासवर्ड विचारावा' या ओळीसमोरची खूण काढून टाकली. डिस्क लगेच उघडली. इंदूताईंनी बशीभर चिवडा पुढे केला. मी म्हटलं, "कुलूप लावायचं राहिलंय. रविवारी येऊन लावते."

माझ्या धंद्यातली सगळ्यांत मोठी चूक ती. त्या घरात वायफायचा पासवर्ड पाण्याबरोबर मिळायचा, आणि वायफायवर आलेल्या कुणालाही डिस्क काही न विचारता उघडत होती. कपाट मी ओसरीवर आणून ठेवलं होतं, तेही उघडं. मला हे कळत होतं. त्या रविवारी दुसरं काही निघालं, पुढच्या रविवारी आणखी काही, आणि मग ते काम मनाच्या एका कोपऱ्यात पडून राहिलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांच्या टेबलाखाली तारा लावत होते, तेव्हा एक बाई मुलीला घेऊन आल्या. या मुलीला मी इथे अपर्णा म्हणते. हे सगळं तिला विचारून लिहिते आहे, नाव तेवढं बदललं आहे. अपर्णा शाळेत गणित शिकवायची. तिला लहानपणापासून तब्येतीचं एक दुखणं होतं, औषधाने पूर्ण आटोक्यात आलेलं. कुठलं, ते मी लिहिणार नाही. आई रडत सांगत होती की हे कळलं की लोक परत येत नाहीत. अपर्णा खाली मान घालून बसली होती.

"शैला, जरा आत जाय," इंदूताई म्हणाल्या.

मी आत गेले, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं. इंदूताईंचं उत्तरही कानावर आलं. "हे मी सांगणार नाही, तुम्हीही नका सांगू. पोरगी स्वतः सांगन. कोणाले आणि कधी, ते तिचं ती ठरवन." त्या दोघी गेल्यावर बैठकीतून टाइप केल्याचा आवाज आला.

पावसाळा संपता संपता निखिलचं स्थळ आलं. निखिल रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका पोलाद कारखान्यात इंजिनिअर, भट्टीचं तापमान मोजणारी यंत्रणा सांभाळणारा. त्याची आई अमरावतीची. पहिली भेट नेहमी इंदूताईंच्याच बैठकीत होई, म्हणजे कुणावर कुणाच्या घराचं ओझं नको. त्या दिवशी दुपारीच मला फोन आला. "नेट बंद आहे, आणि पाहुणे येऊन राहिले." मी जाऊन पाहिलं तर तार सैल होती. लावून दिली आणि चहासाठी थांबले.

मंडळी आली. पाणी झालं, पुठ्ठा पुढे सरकला. इतक्यात निखिलला कारखान्यातून फोन. "सॉरी आंटी, पाच मिनट," असं म्हणून त्याने पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

त्याची आई इंदूताईंना सांगत होती, "आमच्या पोट्ट्याले कामाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. मुलगी पाह्यले आणलं तरी भट्टी पाहून राहिला."

"भट्टी तरी उत्तर देते," निखिल मान वर न करता म्हणाला. मग जीभ चावली. इंदूताई हसल्या.

त्याच्या पडद्यावर लिनक्स होतं. मला लांबूनच ओळखू आलं. रायपुरात लिनक्स वापरणारं माणूस दिसलं की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं. मी बशी घेऊन त्याच्याकडे गेले. "कोणतं घातलंय?" असं विचारणारच होते.

त्याच्या पडद्यावर डाव्या बाजूला इंदूताईंची डिस्क होती. नाव मीच दिलेलं. समोर फाइलींची यादी, आणि त्यावर एक छोटी खिडकी उघडलेली. खिडकीच्या माथ्यावर फाइलीचं नाव होतं. अपर्णा, आडनाव, टिपण.

मी बशी शेजारच्या टेबलावर ठेवली. त्याने वर पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. मिटताना एवढंच म्हणाला, "आमच्या घरीपण हाच राऊटर आहे." पाच पावलांवर राऊटर होता. मी गेले आणि त्याचं बटण बंद केलं.

"काय झालं गं?" इंदूताई.

"नेट गेलं," मी म्हटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अपर्णा आली. निळी साडी, हातात पोह्यांचा ट्रे. तिची आई दाराशी उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मला त्या हातांकडे पाहवेना. त्या मुलीच्या हातात एकच गोष्ट होती, आपलं आपण सांगायचा हक्क, आणि तो मी एका काढून टाकलेल्या खुणेपायी घालवला होता. मी समोरच्या माणसाला ओळखत नव्हते. तो आईला सांगेल का, आत्ताच उठून जाईल का, गावभर करील का, काहीच कळायला मार्ग नव्हता. त्याची आई विचारत होती, पगार किती, शाळा अनुदानित का विनाअनुदानित, स्वयंपाक काय काय येतो. अपर्णा एकेक उत्तर देत होती. निखिल एक शब्द बोलत नव्हता.

मग तो एकदम उठला. "मला यांच्याशी थोडं बोलायचं आहे. एकट्याशी."

"आता? इथं?" त्याची आई म्हणाली. "पहिल्याच भेटीत काय बोलतोस? मी विचारून राहिली न सगळं."

"तू विचारलंस ते झालं, आई."

आईकडे बघून इतकं सरळ तो बहुधा पहिल्यांदाच बोलला असावा, कारण त्या माउलीचं तोंड उघडंच राहिलं. इंदूताईंच्या नियमात हे बसत नव्हतं. एकटं बोलणं दुसऱ्या भेटीत. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्यांनी निखिलकडे पाहिलं, मग जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हव. गच्चीवर जा. तुळशीले पाणी घालायचं राह्यलं आहे, तेवढं घालून या."

अर्धा तास झाला. खाली पोहे गार झाले. आल्यावर अपर्णाचे डोळे लाल होते, पण ती ताठ चालत होती. निखिल म्हणाला, "आम्ही दोन दिवसांत कळवतो." आम्ही म्हणजे तो आणि अपर्णा, हे त्याच्या आईच्याही लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी दोघांचा होकार आला. माघात लग्न झालं आणि बुंदीचे लाडू आले. माझ्या वाटणीचा लाडू मी तिथे न खाता पुडीत बांधून घेतला.

त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी इंदूताईंकडे जाऊन राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं होतं, ज्यावरून डिस्क दिसणार नाही. नवा पासवर्ड लिहिलेला नवा पुठ्ठा तांब्याशेजारी ठेवला. "जुना पासवर्ड बदलावा लागतो मधूनमधून," मी म्हटलं.

"जुना झाला होता होय?" इंदूताई म्हणाल्या. "बरं." आणि मला जेवायला थांबवून घेतलं. वांग्याची भाजी होती, मला आवडते तशी. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज नको, लग्न होऊ दे मग सांगू. लग्न झालं, आता कशाला सांगू. असं करत सात-आठ वर्षं गेली. निखिल आणि अपर्णा मंडळाच्या गणपतीला दिसायचे, पुढे एक मुलगीही झाली. मी लांबून हात करायची आणि गर्दीत दुसरीकडे वळायची. वाटायचं, हा भला माणूस, वाचलेलं पोटात ठेवून राहतो आहे आणि तिला ठाऊकच नाही. त्यांच्या घरात माझ्यामुळे एक खोटं आहे. बरोबर दिलेला पासवर्ड डिस्क का नाकारत होती, तेही मला दरम्यान कळलं होतं. ओळख पटवायची पद्धतही जुनीच मागावी लागते, आज्ञेत एक शब्द वाढवायचा. एक शब्द. पण तो घालायला गेले तर इंदूताई विचारतील, इतक्या दिवसांनी काहून, म्हणून तेही केलं नाही.

इंदूताई गेल्यावर महिन्याभराने वैशालीचा फोन आला. ती मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. "मौसी, मम्मीजी बोलके गई हैं, टिपणवाला पूरा मिटाना है। और बोली, शैला ही मिटाएगी, और कोई हाथ नहीं लगाएगा।"

बैठकीत गेले. तांब्या होता, पुठ्ठा होता. त्यांच्या खुर्चीवर बसायला मन धजेना, मी स्टूल ओढलं. कॉम्प्युटर तोच. चालू केला, पिशवी खुंटीवर आली. गिऱ्हाइकाची फाइल उघडायची नाही हा माझा नोकरीपासूनचा नियम. नावाने निवडायची आणि पुसायची, मजकूर आपला नाही. सगळी टिपणं एकाखाली एक दिसावीत म्हणून मी यादी लावली. नाव, तारीख, आकार.

आकाराच्या रकान्यावर नजर अडली. सगळी टिपणं दोनशे बाइटच्या आतली. एवढ्यात मराठीच्या एक-दोन ओळी मावतात. इतक्या वर्षांचं लोकांचं रडणं, मोडलेली लग्नं, आजारपणं, आणि प्रत्येकाची ओळ-दीड ओळ? मला वाटलं, डिस्क बिघडली, फाइली अर्ध्या तुटल्या. तपासायला एक तरी उघडून बघणं भाग होतं. कुठली उघडायची ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

अपर्णाच्या टिपणात एवढंच होतं: 'ही स्वतः सांगेल. हिला एकटीला विचारावं, आईसमोर नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. मग निखिलचं उघडलं. 'मुलगा चांगला. आईपुढे बोलत नाही. गच्चीवर पाठवावा.' आणखी चार उघडली. 'समक्ष सांगणे.' 'याच्या काकांना विचारावे.' 'मला ठाऊक आहे, पुरे.' लोकांची एकही गोष्ट त्यांनी त्या डिस्कवर लिहिली नव्हती. ज्या कपाटाच्या उघडेपणाने मी इतकी वर्षं झुरले, त्यात चोरण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. दोन बोटांनी टाइप करायला त्यांना वेळ लागे, म्हणून तो आवाज लांबत असे, इतकंच.

स्टुलावर बसूनच मी निखिलला फोन लावला. त्याला आधी कळेचना की मी कशाबद्दल बोलते आहे.

"अरे हां, वो!" मग तो हसला. "काकू, उघडायला नको होती, मला माहीत होतं. घरी रोज क्लिक करतो, तशी केली. लग्नाच्या आधीच मी इंदूआजींना जाऊन सांगितलं, माफी मागितली. अपर्णाला तर त्याच दिवशी, गच्चीवर. ती म्हणाली, बरं झालं, विचारलंत."

"इंदूताई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वाचली ते वाचली, पण लिहिलं तसं केलं, म्हणून माफ. आणि म्हणाल्या, शैलाले हे नको सांगू. मनाले लावून घेईन. तिचं ती सांगन मले, जेव्हा सांगायचं तेव्हा."

अपर्णाबद्दल त्यांनी तिच्या आईला जे सांगितलं होतं, जवळजवळ तेच शब्द. मला त्यांनी तेवढाच मान दिला होता, आणि मी तो कधी वापरला नाही. वांग्याच्या भाजीचं ते जेवण आठवलं. दर भेटीत निघताना त्या दारापर्यंत येऊन विचारायच्या, "आणखी काही?" आणि मी म्हणायची, "काही नाही."

वैशाली चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून ठेवून गेली.

मग मी सगळी टिपणं निवडली. लिनक्स विचारतं, या फाइली टोपलीत जाणार नाहीत, कायमच्या जातील, नक्की? अपर्णाची ओळ ठेवावीशी वाटली. पण सगळं म्हणजे सगळं, असं त्यांचं सांगणं होतं. मी हो म्हटलं. बायोडाटे वैशालीने आधीच आपल्या लॅपटॉपवर हलवले होते, त्यामुळे रकाना रिकामा झाला.

डिस्क मुलांच्या फोटोंसाठी राहू द्या, असं वैशाली म्हणाली. म्हणून मी राऊटरच्या पानावर गेले आणि 'नाव-पासवर्ड विचारावा' या ओळीसमोर खूण केली. डिस्क सोडवली, आज्ञेत तो एक शब्द घातला आणि पुन्हा जोडायला सांगितलं. पाच मिनिटांचं काम. रविवारच होता.

त्या घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर थांबला आणि त्याने पासवर्ड विचारला. मी तो लिहिला. मग ती रिकामी डिस्क उघडली. रिकामी आहे हे मला माहीत होतं, तरी मी ती थोडा वेळ उघडी ठेवली, आणि बैठकीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून, जे सांगायचं राहिलं होतं ते इंदूताईंच्या खुर्चीकडे बघून सांगून टाकलं.